समुद्राचं सलंग

रविवार, ९ मार्च २००८. सकाळी दहा वाजता पिपरटोलीत खुशाल भानारकर यांच्या अंगणात मुलाकडची माणसं पोहे खात होती. खुशालभाऊंनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्या घरी पाणी कुठवर येते?"

पिपरटोलीत हा प्रश्न नवा नाही. सावली तालुक्यातलं हे गाव जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, टेकून वसलेलं आहे. गावातले ढिवर तलावात मासे धरतात, शिंगाडा लावतात आणि पाळीखालच्या बांध्यांत धान करतात. मुलगी देण्याआधी तिचा बाप मुलाच्या गावी जातो, घराच्या मागच्या भिंतीला तळहात लावतो आणि ओल कुठवर चढली आहे ते पाहतो. भिंत ओली निघाली की सोयरीक तिथंच संपते. दोन वर्षांपूर्वी खुशालभाऊंनी वैनगंगेकाठचं एक चांगलं स्थळ असंच मोडलं होतं. नंतर कळलं की त्या भिंतीपाशी रोज म्हशी धुतात. खुशालभाऊंनी मत बदललं नाही. "म्हशीनं ओली झालेली भिंत पडत नाई काय?" असं त्यांनी विचारलं होतं.

मुलाचं नाव अमर वाघाडे. मूळचा मूल गावाकडचा, वय सव्वीस. मुंबईत पावसाचं पाणी उपसून समुद्रात टाकणाऱ्या एका केंद्रावर तो पंप चालवतो. मार्कंड्याच्या यात्रेसाठी रजा घेऊन आला होता. खुशालभाऊंची मुलगी डिंपल चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये वायरमनचं शिकली, अमर त्याच वेळी तिथं पंपाचं शिकत होता. दोघांची ओळख तेव्हापासूनची. डिंपलनं आईला, प्रेमिलाबाईंना, आठवडाभर आधी स्वयंपाकघरात सांगितलं होतं, "हा झाला तर झाला. नाई तर मले आता कोणी दाखवू नका." प्रेमिलाबाईंनी हे नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. खुशालभाऊ म्हणाले होते, "पाणी पाहू, मग पोरगा पाहू."

अमरनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "मामाजी, खोली खाडीच्या बाजूनं आहे. तळमजला. पाणी येते."

अमरचे काका गुणवंतराव मूलमध्ये सायकलचं दुकान चालवतात. सोयरीक त्यांनीच जुळवत आणली होती. ते घाईनं म्हणाले, "तसं रोज नाई येत, भाऊ. कधीमधी येते. पाहुण्यासारखं."

"मामाजी आत्ताच नोको म्हणू," खुशालभाऊ अमरला म्हणाले. "सध्या भाऊ म्हण. कुठवर येते?"

"तीन वर्षांआधी मोठा पाऊस झाला, तवा कमरेएवढं आलं होतं. आता पंप वाढवले आहेत. पण समुद्रच वर येऊन राह्यला, भाऊ. सगळ्या जगातला."

"किती वर?"

"वर्षाले काडेपेटीच्या एका काडीची जाडी."

खुशालभाऊ हसले. त्यांचा मित्र पत्रूही हसला. पत्रू तलावात डोंगा चालवतो आणि गावातला सगळ्यात बुटका माणूस आहे. "अबे, आमचा तलाव एका पोळ्याच्या महिन्यात माझ्या डोक्यावर जाते," तो म्हणाला.

"तुया डोक्यावर जायाले काय लागते?" रुखमाबाई म्हणाल्या. या खुशालभाऊंच्या थोरल्या बहीण. घरातल्या प्रत्येक सोयरिकीला त्या हजर असतात आणि मत विचारण्याची वाट पाहत नाहीत.

खुशालभाऊंनी दुसरा प्रश्न विचारला. पिपरटोलीतल्या कुठल्याही माणसानं तोच विचारला असता. "समुद्राचं सलंग कुठी आहे?"

सलंग म्हणजे पाळीचा मुद्दाम ठेंगणा ठेवलेला भाग. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून आपोआप बाहेर पडतं आणि पाळ वाचते. खुशालभाऊ मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आहेत. सलंगाची राखण आणि तुडूम, म्हणजे शेतीला पाणी सोडायचं दार, दोन्ही त्यांच्या घराकडे तीन पिढ्यांपासून आहे. सलंग नसलेलं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"समुद्राले सलंग नसते," अमर म्हणाला.

"मग वाढलेलं पाणी जाते कुठी?"

"कुठीच नाई. काठावरच्या शहरात येते. मुंबईत येते, कलकत्त्यात येते, मद्रासले येते. जिथी जमीन ठेंगणी तिथी."

"असते, असते," गुणवंतराव मध्येच म्हणाले. "सलंग असते. तिकडं अरबस्तानाकडं असंन. याले काय माहीत, हा तर पंपाच्या खोलीत बसते."

"काका, नसते."

"तू चूप राय ना बाप्पा."

डिंपल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, त्याले दाखवू द्या ना. बीजाचा खड्डा रिकामाच आहे."

संस्थेचा मत्स्यबीजाचा खड्डा तलावाच्या काठालाच आहे. चारही बाजूंनी मातीचा कठडा, एका टोकाला उतार. मार्चमध्ये तो कोरडा असतो. अमरनं उतारावर शहर आणि खालच्या भागात समुद्र असं ठरवलं. मुलगी पाहायला आलेला मुलगा पँट दुमडून चिखलात उतरला, ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. थोड्या वेळात खड्ड्याभोवती पन्नासेक माणसं होती आणि निम्मी मुंबई बांधत होती.

अमरनं सांगितलं तसं सगळं झालं नाही. त्यानं उंच इमारती समुद्राच्या अगदी कडेला मागितल्या. पत्रूनं छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे उभे रोवून त्या केल्या, पण पाण्यापासून हातभर लांब. "इतक्या जवळ कोण बांधते?" त्याचा प्रश्न होता. अमर म्हणाला की ती जमीन मुळात पाण्याचीच होती, लोकांनी खाडी बुजवून बुजवून केली.

"म्हणजे तलावाच्या पोटात घर?" खुशालभाऊंनी विचारलं.

"हो. लाखो लोक राह्यतात."

"कोणी फटके नाई मारत त्याईले?"

"उलट जास्त भाडं घेतात. समुद्र दिसते म्हणून."

यावर बराच वेळ हशा चालला. एका म्हाताऱ्यानं ही गोष्ट मागच्या माणसांना सांगितली, मग त्यांनी आणखी मागच्यांना. रुखमाबाईंनी दरम्यान शहराच्या मधोमध महादेवाचं देऊळ बांधलं आणि देवळापुढे एक तलाव खोदला. अमर म्हणाला की तिथं तलाव नाही. रुखमाबाई म्हणाल्या, "मग लोक आंघोळ कुठी करतात?" तलाव राहिला.

अमरनं घरांमधून समुद्राकडे नाल्या काढल्या. मग रुखमाबाईंच्या हातात लोटा दिला. "आत्याबाई, तुमी पाऊस." त्यांनी देवळावर लोटा रिकामा केला. पाणी नाल्यांतून सुळकन समुद्रात गेलं. लोकांनी मान हलवली. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

"आता समुद्र वर आणतो," अमर म्हणाला.

संस्थेची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर महिन्यापासून बंद होती. डिंपलनं ओढणी कमरेला खोचली, मोटरचं झाकण काढलं, एक जळलेली तार कापून नवी जोडली आणि बटण दाबलं. पाइपानं दोन उचक्या दिल्या, मग तलावाचं पाणी खड्ड्यात पडू लागलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गुणवंतराव पुतण्याच्या कानाशी म्हणाले, "पोरगी पाह्यली ना? आता जास्त शिकवू नोको कोणाले."

पाणी चढत गेलं. कवेलूंच्या इमारतींपाशी आलं आणि थांबलं. मोटर चालू होती, पाइपातून पाणी पडत होतं, पण समुद्र तसूभरही पुढं सरकेना. रुखमाबाईंनी न सांगता आणखी एक लोटा पाऊस पाडला. तोही वाहून गेला. मुंबई कोरडी होती.

खुशालभाऊंनी हात पाठीमागे बांधले. "पाह्यलं? नाई येत पाणी. तुया साहेबांले सांग, इथी येऊन शिकून जा म्हणाव."

अमर खड्ड्याभोवती फिरला. पलीकडच्या कठड्यात, पाण्याच्या पातळीला, वीतभर रुंद खाच होती. तिच्यातून समुद्र शांतपणे वांग्याच्या वाफ्यात चालला होता.

"भाऊ, हे कोणी काढलं?"

"काय?"

"हे सलंग."

खुशालभाऊंनी खाच पाहिली, शेजारी ठेवलेली आपली कुदळ पाहिली. मोटर सुरू झाली तेव्हा त्यांनी ती खाच काढली होती. पन्नास माणसांनी ते पाहिलं होतं आणि कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पाणी भरायला लागलं की सलंग काढायचं, हे इथं दार उघडल्यावर आत येण्यासारखं आहे.

"सलंग नाई काढलं तर पाळ फुटंन ना," खुशालभाऊ म्हणाले. आवाजात लाज नव्हती, समजावणी होती.

"बुजवा ना मग, भाऊ. समुद्राले नसते."

कोणी हललं नाही. पिपरटोलीत सलंग बुजवणं ही थट्टेची गोष्ट नाही. मागं एकानं जास्त मासे राहावेत म्हणून सलंगावर माती टाकली होती, त्याला गावानं वर्षभर विस्तव दिला नव्हता. पत्रूनं उगाच आपले हात झटकले. दोन म्हाताऱ्यांनी तलावाकडे तोंड फिरवलं.

डिंपलनं चिखलाचा एक मोठा गोळा उचलला आणि खाचेत दाबून बसवला. वर पाय ठेवला. बापाकडे पाहिलं नाही.

समुद्र बोटभर चढला. इमारती पडल्या नाहीत, लाट आली नाही, काही बुडालं नाही. पाणी फक्त नाल्यांच्या तोंडांवर येऊन उभं राहिलं. अमर म्हणाला, "आता पाऊस पाडा, आत्याबाई." रुखमाबाईंनी लोटा ओतला. पाणी नाल्यांत गेलं, तिथं अडलं, उलटं फिरलं आणि गल्ल्यांमधून पसरत देवळाच्या पायरीवर चढलं.

"माह्या देवळात काऊन शिरून राह्यलं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"समुद्रानं दार लावलं म्हणून. दिवसातून दोनदा भरती येते, तवा नाल्यांची तोंडं बुडतात. त्याच वेळी पाऊस आला तर पाणी शहरातच राह्यते. आधी समुद्र खाली होता, तर तोंडं लवकर उघडी पडत. आता काडीकाडीनं वर आला, तर उशिरा पडतात. एकाच दिवशी बुडालं असतं तर लोक पळाले असते. हे असं बोटबोट येते, म्हणून कोणी घर नाई सोडत."

"मग तू काय करतं तिथी?"

अमरनं पोरांच्या हातून पत्र्याचा डबा घेतला, देवळापुढचं पाणी भरलं आणि समुद्रात फेकलं. "हे."

"सरकार याचा पगार देते?"

"मोठा डबा आहे, आत्याबाई."

हसणं ओसरल्यावर रुखमाबाईंनी स्वतः डबा घेतला. त्यांनी देऊळ उपसलं, तेवढ्यात पत्रूनं पाऊस पाडला. त्यांनी पुन्हा उपसलं, पत्रूनं पुन्हा पाऊस पाडला, मग त्यांनी डबा त्याच्यावरच रिकामा केला. पोरं समुद्रात उतरली. कवेलूंच्या तीन इमारती त्यांच्या पायांखाली गेल्या. प्रेमिलाबाईंनी पाहुण्यांसाठी ठेवलेला चहा तिसऱ्यांदा गरम केला आणि शेवटी तो पाळीवरच आणून दिला.

खुशालभाऊ मात्र बुजवलेल्या खाचेपाशी उभे होते. डिंपलचा पाय अजून तिथंच होता.

"काढ पाय. कठडा जाईल."

"आधी सांगा."

"काय सांगू? तू अशा जागी राह्यशीन? जिथी सलंग नाई, तुडूम नाई, पाणी कोणाचं ऐकत नाई?"

"तिथी एक कोटीच्या वर माणसं राह्यतात, बाबा."

"त्याईच्या बापाईनं भिंतीले हात नाई लावला."

"तुमी लावा ना. मी कुठी नाई म्हणून राह्यली? रीत आहे तर पुरी करा. घर पाहा, भिंत पाहा. इथी बसूनच नाई नोका म्हणू. पाणी येते म्हणून तर त्याईले पंप लागतात, अन् पंप आहे तिथी तार लागते. मले कामाची जागा दिसून राह्यली, तुमाले निसतं पाणी."

खुशालभाऊंनी कुदळीनं चिखलाचा गोळा बाजूला केला. समुद्र वांग्याच्या वाफ्यात गेला आणि उरलेली मुंबई कोरडी पडू लागली. मग ते अमरकडे वळले. "वापस कधी जातं?"

"मंगळवारी. बल्लारशाहून गाडी आहे."

"दोन तिकिटं अजून काढ. मी अन् पत्रू येतो. भिंत पाह्यल्याशिवाय बोलणं नाई."

पत्रूला कोणी विचारलं नव्हतं. त्यानं हरकतही घेतली नाही. त्या दिवशी तो गावात तीन वेळा सांगत फिरला की अध्यक्षांना एकट्याला समुद्र समजणार नाही.

प्रेमिलाबाईंनी दोन दिवसांच्या भाकरी, सुकट आणि तिखटाची पुडी बांधून दिली. निघताना खुशालभाऊंनी बायकोला सांगितलं, "पटलं तर पोराले सोबतच आणतो. साक्षगंध इथी करू, मग तो जाईल वापस. नाई पटलं तर आमी दोघंच येतो. मंग पोरीनं रडायचं नाई."

"ते तिले सांगा."

"तूच सांग," खुशालभाऊ म्हणाले आणि बसमध्ये चढले.

पहिला फोन गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला गावातल्या किराणा दुकानात आला. दुकानदाराच्या पोराला धावायला सांगावं लागलं नाही, डिंपल बुधवार संध्याकाळपासून दर तासाला काहीतरी विकत घ्यायला येत होती. त्या सकाळी तिनं चार काडेपेट्या घेतल्या होत्या. प्रेमिलाबाई आणि रुखमाबाई मागोमाग आल्या. रिसीव्हर डिंपलच्या कानाला होता, पण खुशालभाऊ नाणी टाकायच्या डब्यावरून बोलत होते आणि मुंबई लांब आहे हे लक्षात ठेवून बोलत होते. दुकानाबाहेरही ऐकू येत होतं.

"समुद्र पाह्यला काय, बाबा?"

"पाह्यला. पाणी नाई त्याच्यात."

"नाई म्हणजे?"

"उतरलं आहे. निसता गाळ दिसून राह्यला. खेकडे फिरून राह्यले. कोणीतरी तुडूम खोललं वाटते. पोरगा म्हणते, संध्याकाळी येते वापस. मी म्हटलं, कोणाले विचारून येते? तर म्हणते, चंद्राले."

रुखमाबाईंनी रिसीव्हरकडे तोंड नेलं. "घर कसं आहे?"

"घर लहान आहे. आपल्या कोंबड्यांले यापेक्षा मोठं आहे. पण शेजारी चांगले आहेत, काल आमाले मासे खाऊ घातले. खारे आहेत. मरळीची सर नाई."

"अन् भिंत?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"भिंतीले नवा रंग आहे. मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, पार खाली, बसलेल्या माणसाच्या तोंडाएवढं. मी म्हटलं, एवढ्या खाली कॅलेंडर कोण लावते? उचललं तर मागं खूण. मातीची रेघ. खोलीवाला म्हणे, लहान लेकरांले तारीख पाहता यावी म्हणून लावलं."

"कुठवर आहे रेघ?"

"कमरेएवढी."

डिंपलनं डोळे मिटले.

"पण माही नाई," खुशालभाऊ पुढे म्हणाले. "पत्रूची."

मागून पत्रूचा आवाज आला. त्याचं म्हणणं होतं की कमर ती कमर. त्यावर दोघांचं काहीतरी बोलणं झालं, त्यात एक नाणं संपलं. दुसरं नाणं पडल्यावर खुशालभाऊ म्हणाले, "अमरनं लपवलं नाई. त्यानंच मले म्हटलं, भाऊ, कॅलेंडर उचलून पाहा. खोलीवाला त्याच्यावर चिडला. तेवढं चांगलं केलं पोरानं. वरच्या माळ्यावर एक खोली आहे, लहान आहे, पण तिची भिंत खडखडीत आहे. ते लोक देतात की नाई, विचारून राह्यलो."

"मग हो म्हणू काय आईले?" डिंपलनं विचारलं.

"थांब ना. पंपाची खोली पाहायची आहे. अन् पाणी वापस आलेलं पाहायचं आहे. गेलेलं पाणी पाहून कोणी पोरगी देते काय? भरलं म्हणजे कुठवर येते, ते पाह्यतो, मग..."

फोन कटला. रुखमाबाईंनी रिसीव्हर हातात घेऊन थोडा वेळ ऐकलं आणि परत ठेवला. त्या म्हणाल्या की नाणी संपली असतील. दुकानदार म्हणाला की पत्रूनं बोलायला ओढला असेल.

डिंपल दुकानाच्या पायरीवर बसली आणि हसू लागली. प्रेमिलाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बाबा समुद्रापाशी पाण्याची वाट पाह्यत उभे असतीन, हात पाठीमागं बांधून."

त्यानंतर फोन आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. पाळीवर या काळात रोज चर्चा होत होती. एका पक्षाचं म्हणणं होतं की भरती पाहिल्यावर खुशालभाऊ पहिल्या गाडीनं परत फिरतील. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं होतं की ते समुद्राला सलंग काढून दिल्याशिवाय येणार नाहीत. बीजाच्या खड्ड्यात पोरांनी मुंबई पुन्हा बांधली होती. यावेळी सगळी घरं बांबूच्या काड्यांवर, शिंगाड्याच्या राखणीच्या माचाणासारखी. रुखमाबाईंनी देऊळ मात्र जमिनीवरच ठेवलं आणि डबा शेजारी ठेवला.

रविवारी सकाळी मूलहून आलेल्या पहिल्या बसच्या कंडक्टरनं थांब्यावर सांगितलं, की खुशालभाऊ आणि पत्रू मूलच्या स्थानकावर दिसले. मागच्या बसनं येत आहेत. पत्रूच्या डोक्यावर पाच लिटरचा कॅन होता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातलं पाणी बोटानं चाखायला देत होता. कंडक्टरनंही चाखलं. भयंकर खारं होतं, असं तो म्हणाला.

प्रेमिलाबाईंनी विचारलं, "दोघंच होते की तिघं?"

स्थानकावर गर्दी होती, यात्रेहून परतणारी माणसं होती. एक तरुण त्यांच्या बाजूला पिशवी घेऊन उभा होता हे कंडक्टरला आठवत होतं. तो त्यांच्यासोबत होता की बसच्या रांगेत, हे त्याला सांगता आलं नाही. मागची बस पावणेबाराला पोचते. हे लिहीपर्यंत ती आलेली नव्हती.